अर्धा वकील, अर्धा मास्तर

कोर्टांत वकिली करणाऱ्या तरुणानें महाविद्यालयांत जाऊन कायदा शिकवावा काय, आणि शिकविल्यास त्यामुळें त्याची वकिली खालावते कीं वाढते, असा प्रश्न चिंचवड येथील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस लिहून विचारला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील नातू पांच वर्षांपूर्वीं सनद घेऊन पिंपरीच्या कोर्टांत उभा राहूं लागला. एका अनुभवी वकिलांच्या हाताखालीं तो काम करितो. स्वतःचींहि थोडीं वकीलपत्रें मिळूं लागलीं आहेत. अशांत एका विधि महाविद्यालयानें त्यास आठवड्याचे सहा तास देऊं केले. नातवाची इच्छा आहे. वडिलांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. आजोबांची चिंता निराळी आहे. ते लिहितात कीं, वकिली चालेना म्हणून मुलगा मास्तरकीकडे वळला असें लोक म्हणतील. अर्धा वकील आणि अर्धा मास्तर, धड एकहि नाहीं, अशी त्याची गत होईल.

गृहस्थांस आम्हीं टपालानें उत्तर धाडलेंच आहे. परंतु हा प्रश्न त्या एकाच घराचा नाहीं. १९५४ सालीं पिंपरीच्या पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. पुढें आकुर्डी, भोसरी आणि अखेर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या पट्ट्यांतील मध्यमवर्गीय घरांनीं दोन पिढ्या मुलांस इंजिनिअर करण्याचा ध्यास घेतला. आतां त्याच घरांतून मुलेंमुली वकिलीकडेहि वळत आहेत, आणि त्याचें कारण उघड आहे. कारखाना आला कीं संपादित जमिनीच्या मोबदल्याचे दावे येतात, कामगारांचे तंटे येतात, लहान पुरवठादारांचे न वटलेले चेक येतात, हमरस्त्यावरील अपघात येतात. वकिलास काम आहे. आणि वकील घडविणाऱ्यासहि काम आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं, कारण पुष्कळ घरांत वाद माजतो तो नियम ठाऊक नसल्यामुळें. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४९ व्या नियमाप्रमाणें वकिलास पूर्ण वेळेची पगारी नोकरी करतां येत नाहीं. यावरून, महाविद्यालयाचा पैसा घेतला कीं सनद गेली, अशी समजूत पसरली आहे. ती बरोबर नाहीं. १९७९ सालीं केंद्र सरकारनें वकिलांच्या कायदा-अध्यापनाच्या हक्कासंबंधीं स्वतंत्र नियम केले. विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या संस्थेंत वकिलानें वकिली चालू ठेवून कायदा शिकविण्यास त्यांत मोकळीक आहे. अट एवढीच कीं, शिकविण्याचा वेळ दिवसाचे तीन तासांपेक्षां अधिक नसावा. तीन तासांच्या आंत असल्यास त्या कामास कोणतेंहि नांव असो आणि मोबदला ठोक असो कीं वेतनश्रेणीनें असो, तें अर्धवेळ कामच समजलें जातें. आठवड्याचे सहा तास या मर्यादेच्या पुष्कळच आंत बसतात. तेव्हां सनदेची भीति सोडून द्यावी. उद्यां हाच तरुण पूर्ण वेळ प्राध्यापक झाला, तर मात्र त्यास वकिली थांबवावी लागेल.

पत्रांत "भावी बॅरिस्टर घडविणें" असा शब्दप्रयोग थोड्या थट्टेनें आला आहे. जुन्या वाचकांस बॅरिस्टर, वकील आणि प्लीडर हे निरनिराळे दर्जे आठवत असतील. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनें ते भेद मिटविले. तेव्हांपासून आपल्याकडे सर्वांची एकच जात, ॲडव्होकेट. त्यांतील कांहींस कोर्टाकडून सीनिअर ही पदवी मिळते, इतकाच भेद. म्हणजे पिंपरीच्या वर्गांत बसणारा विद्यार्थी उद्यां तालुक्याच्या कोर्टांत उभा राहो कीं सर्वोच्च न्यायालयांत, त्याची सनद एकाच प्रकारची असते. त्यास शिकविणें हें लहान काम समजण्याचें कारण नाहीं.

आतां लोक काय म्हणतील, हा मुद्दा. लोकांपुढें उदाहरणें ठेवलीं असतां ते काय म्हणतील, तें पाहूं. मुंबईचें गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचें. कोर्टांत वकिली करणाऱ्यांनीं तेथें येऊन शिकवावें, ही त्या संस्थेची जुनी रीति आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे आरंभीं सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. मग ते हायकोर्टाचे वकील झाले, आणि १९१७ ते १९२३ या काळांत त्या कॉलेजांत कायद्याचे प्राध्यापक होते. धर्मशास्त्राचा जो प्रचंड इतिहास त्यांनीं लिहिला व ज्यांच्या विद्वत्तेचा १९६३ सालीं भारतरत्न देऊन गौरव झाला, त्या पुरुषास अर्धा वकील म्हणण्याचें धैर्य कोणास होईल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आले व १९२३ सालीं मुंबईस वकिली करूं लागले. आरंभीं पक्षकार थोडे होते. १९२५ पासून त्यांनीं बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकविला आणि १९२८ सालीं ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजांत अर्धवेळ प्राध्यापक झाले. पुढें १९३५ सालीं त्याच कॉलेजाचे ते प्राचार्य झाले. ज्या हातानें पुढें राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला, त्या हातानें तत्पूर्वीं फळ्यावर खडू चालविला होता.

तिसरें उदाहरण तर आजोबांच्या शेजारचेंच आहे. चाकण ज्या खेड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील कन्हेरसर हें चंद्रचूड घराण्याचें मूळ गांव. यशवंत विष्णु चंद्रचूड हे पुण्याच्या लॉ कॉलेजचे विद्यार्थी. १९४३ सालीं त्यांनीं मुंबईस वकिली आरंभिली आणि १९४९ ते १९५२ पर्यंत गव्हर्नमेंट लॉ कॉलेजांत अर्धवेळ प्राध्यापक म्हणून शिकविलें. पुढें १९७८ ते १९८५ पर्यंत ते भारताचे सरन्यायाधीश होते. तीन वर्षांच्या अध्यापनानें त्यांची वकिली बुडाली नाहीं.

मोठ्यांचीं नांवें घेऊन लहानांस चढवून ठेवावें, हा आमचा हेतु नाहीं. शिकविल्यानें कोणी सरन्यायाधीश होत नाहीं. परंतु वकिली चालेना म्हणूनच मनुष्य शिकवितो, हें म्हणणें मात्र या उदाहरणांपुढें टिकत नाहीं.

मग वकिलानें शिकविण्यांत विशेष तें काय? पुस्तक तर पूर्ण वेळ प्राध्यापकहि शिकवितो. येथें एक साधा दाखला देतों. चेक न वटल्याच्या फिर्यादीस तीन मुदती असतात. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत नोटीस धाडावी लागते. नोटीस पोंचल्यापासून १५ दिवस चेक देणाऱ्यास पैसे भरण्यास मिळतात. त्यांनीं न भरल्यास पुढील एक महिन्यांत फिर्याद करावी लागते. हे तीन आंकडे कोणीहि बुद्धिमान मुलगा एका रात्रींत पाठ करील. पण कोर्टांतला वकील वर्गांत येतो तो नांवें झांकलेली एक जुनी संचिका घेऊन. तो विचारतो, बँकेच्या मेमोवरची तारीख धरावयाची, कीं तो मेमो हातीं पडला ती? नोटीस पोंचली याचा पुरावा कोठें आहे? पत्ता बदलून गेलेल्या माणसास ती पोंचली असें कधीं मानावयाचें? फिर्यादीस झालेला उशीर सबळ कारण दाखविल्यास कोर्ट माफ करूं शकतें, पण नोटिशीचे ३० दिवस चुकले तर ती वाट बंद होते. भोसरीच्या एकाद्या लहान कारखानदाराचें वर्षाचें येणें अशा एका दिवसावर अडकून पडतें. ही धास्ती पुस्तकांतून विद्यार्थ्याच्या मनांत उतरत नाहीं; ज्यानें ती अनुभविली आहे त्याच्या बोलण्यांतून उतरते.

बार कौन्सिलनें २००८ सालीं केलेल्या विधिशिक्षणाच्या नियमांतहि हेंच धोरण आहे. मसुदे व दस्तऐवज लिहिण्याचा विषय तेथें सक्तीचा असून त्यांत दाव्याच्या मसुद्यांचे पंधरा व दस्तऐवजांचे पंधरा प्रत्यक्ष पाठ विद्यार्थ्यानें लिहावयाचे असतात. हा विषय शक्य तों वकील किंवा निवृत्त न्यायाधीश यांच्या साहाय्यानें शिकवावा, असें नियमच सांगतात. खेरीज प्रत्येक विद्यार्थ्यानें एक दिवाणी व एक फौजदारी खटला कोर्टांत बसून पाहावा आणि त्याची टिपणवही ठेवावी, असाहि दंडक आहे. शिक्षक स्वतः कोर्टांत जाणारा असला तर ही वही जिवंत होते. नसला तर ती मित्राच्या वहीवरून उतरवून काढली जाते, हें आम्ही शाळेंतल्या प्रयोगवह्यांच्या अनुभवानें सांगूं शकतों.

शिवाय या पट्ट्यांत त्रैवार्षिक अभ्यासक्रमाच्या वर्गांत कोण बसलेलें असतें, याचा विचार करावा. रात्रपाळी संपवून डोळे चोळीत आलेला कारखान्यांतील सुपरवायझर असतो. आजोबांचें शेत औद्योगिक वसाहतींत गेलें, त्यांच्या मोबदल्याचे कागद समजून घ्यावेत म्हणून कायदा शिकूं लागलेला चाकणकडचा शेतकऱ्याचा मुलगा असतो. मुलें शाळेंत जाऊं लागल्यावर पुन्हां पुस्तक हातीं धरणारी गृहिणी असते. हजेरी शेंकडा ७० भरावी लागते. ती भरण्यासाठीं हीं माणसें झोपेंतून, संसारांतून वेळ काढितात. त्यांच्यापुढें उभें राहून सात वर्षांपूर्वींच्या टिपणांचें वाचन करणें हा त्यांचा अपमान आहे. आणि सकाळीं कोर्टांत घडलेली गोष्ट संध्याकाळीं उलगडून सांगणें हा त्यांचा सन्मान आहे.

शिकविणाऱ्याचाहि यांत मोठा लाभ आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० चा दंडसंहितेचा कायदा, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता हे तिन्ही जाऊन त्यांच्या जागीं नव्या संहिता आल्या. शंभराहून अधिक वर्षें ज्या खुनास आपण तीनशें दोन म्हणत आलों, त्याची शिक्षा आतां कलम १०३ मध्यें आहे, आणि चारशेंवीस ही शिवी राहिली तरी फसवणुकीचें कलम ३१८ झालें आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलांत आल्या, त्यामुळें कामगारांच्या तंट्यांचा १९४७ चा जुना कायदाहि मागें पडला. अशा वेळीं जुनी वकिली पुरत नाहीं. पुन्हां विद्यार्थी व्हावें लागतें. वर्गांत साठ मुलांपुढें उद्यां उभें राहावयाचें आहे, या धाकासारखा अभ्यासाचा दुसरा धाक नाहीं. सनद मिळाल्यावर ज्यानें पुस्तक मिटलें, त्यास हा धाक तें पुन्हां उघडावयास लावतो.

विलायतेंतहि वकिली शिकविण्याची ही परंपरा आहे. लंडनमध्यें लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन अशा चार इन्स आहेत. तेथें बॅरिस्टर होऊं पाहणाऱ्यांस कोर्टांत बोलण्याचें शिक्षण देण्यास वकिली करणारे बॅरिस्टर आणि न्यायाधीश येतात, आणि बहुतेक विनावेतन येतात. त्यापुढें उमेदवारानें अनुभवी बॅरिस्टराजवळ बारा महिने उमेदवारी करावयाची असते. आपल्या गुरुगृहांतील अंतेवासी आणि हा उमेदवार यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

येथवर आम्हीं एका बाजूनें लिहिलें. दुसरी बाजू न सांगणें हें शिक्षकास शोभणार नाहीं.

पहिली गोष्ट पैशाची. नव्या वकिलाची मिळकत आरंभीं तुटपुंजी असते. ऑक्टोबर २०२४ मध्यें बार कौन्सिल ऑफ इंडियानें ज्युनिअर वकिलांस शहरांत दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागांत १५,००० रुपये विद्यावेतन द्यावें असें सुचविलें. पण ती शिफारस आहे, सक्ति नव्हे. महाविद्यालयांतील अर्धवेळ काम बहुधा तासिका तत्त्वावर असतें. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. सुटीचे, परीक्षेच्या दिवसांचे मिळत नाहींत. आणि जे मिळावयाचे तेहि कित्येक ठिकाणीं महिनोन्‌महिने रखडतात. तेव्हां या पैशावर घरखर्चाचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा हिशेब बसवूं नये. नेमणुकीचें लेखी पत्र, तासाचा दर व पैसे मिळण्याची मुदत मात्र आधीं मागून घ्यावी. दुसऱ्यास करारनामा शिकविणाऱ्यानें स्वतः तोंडी बोलीवर काम धरणें हें हास्यास्पद आहे.

दुसरी गोष्ट तासाची. कोर्टांत पुकारा लांबला कीं वर्ग बुडतो. पक्षकाराचें काम प्रथम, हें खरें; पण चाळीस माणसें बसची वाट पाहून, पाळी बदलून आलेलीं असतात, हेंहि खरें. ज्यास तास पाळतां येणार नाहींत त्यानें ते घेऊं नयेत. आठवड्याचे सहा झेपत नसतील तर तीन घ्यावेत, पण ते कोर्टाच्या तारखेइतकेच पवित्र मानावेत.

तिसरी गोष्ट जिभेची. वर्गांत दाखला रंगविण्याच्या भरांत पक्षकाराचें गुपित बाहेर पडूं नये. हा पट्टा लहान आहे. चाकणच्या कारखान्याचें नांव न घेतां केलेलें वर्णनहि पुढच्या बांकावरील कामगार ओळखतो. तसेंच, वर्ग ही पक्षकार मिळविण्याची जागा नव्हे. वकिलानें कामाची याचना किंवा जाहिरात करूं नये, असें बार कौन्सिलचा ३६ वा नियम बजावितो. आणि विद्यार्थ्यांस आपल्या कचेरींत फुकट लिहिणावळीस जुंपूं नये. गुरुसेवेच्या नांवाखालीं असे प्रकार पूर्वींहि होत. ते तेव्हांहि चांगले नव्हते.

चौथी गोष्ट संस्थांची. तासावरचा शिक्षक स्वस्त पडतो, म्हणून सारें महाविद्यालय तासावर चालविणें हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. न्यायशास्त्राचीं तत्त्वें, घटनेचा विकास, मिताक्षरेपासून आजपर्यंत बदलत आलेला हिंदु कायदा, हे विषय सबंध दिवस वाचन करणाऱ्यानेंच शिकवावेत. लोकमान्य टिळकांचें स्मरण येथें उपयोगी आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर त्यांनीं पुण्यांत हायकोर्ट प्लीडर व डिस्ट्रिक्ट प्लीडर यांच्या परीक्षांसाठीं कायद्याचा वर्ग चालविला आणि त्यावर चरितार्थ केला. ते एल्‌एल्. बी. होते, पण वकिली त्यांनीं केली नाहीं. ग्रंथावर प्रभुत्व असलेला पुरुष कोर्टाची पायरी न चढतांहि उत्तम शिकवूं शकतो. इमारतीस पाया पूर्ण वेळ विद्वानाचा हवा आणि दारेंखिडक्या वकिलाच्या हव्यात. एकावर दुसऱ्याचें काम लोटूं नये.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत दोन नाट्याचार्य कोण श्रेष्ठ म्हणून भांडतात. निर्णय त्यांच्या स्वतःच्या नृत्यावरून होत नाहीं. शिष्या रंगभूमीवर काय करून दाखविते यावरून होतो. अध्यापकाची ही कसोटी आम्हांस फार न्याय्य वाटते. कोर्टांत मोठी भाषणें करणारा प्रत्येक वकील चांगला शिक्षक असतोच असें नाहीं. दोन वर्षांनीं त्याचा विद्यार्थी नोटिशीची तारीख अचूक मोजतो कीं नाहीं, गरीब पक्षकाराशीं नीट बोलतो कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

तेव्हां आमचा सल्ला असा आहे. नातवानें काम घ्यावें. पण प्रथम एका वर्षापुरतें व एकाच विषयाचें, आणि आपल्या सीनिअरांस विचारून, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून घ्यावें. वडिलांनीं त्यास वर्षभर मिळकतीविषयीं टोंचूं नये. एकत्र कुटुंबाचा आधार अशाच वर्षांसाठीं असतो. एकट्यानें राहणाऱ्या तरुण वकिलास हें शक्य होत नाहीं, आणि आपणांस होतें, ही आपल्या घरांची शिल्लक आहे. आजोबांनीं लोकांच्या बोलण्याचें ओझें स्वतःच्या डोक्यावर घ्यावें, नातवाच्या नव्हे. ऋषिऋण फेडावयाचें तें अध्ययनानें व अध्यापनानें, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको.

आणि ज्या ज्या घरांत असा तरुण किंवा अशी तरुणी असेल, त्यांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. रात्रीं पानावर बसल्यावर आज किती पक्षकार आले, किती फी मिळाली, हें आपण विचारतांच. त्यासोबत, आज वर्गांत कोणी काय विचारलें, हेंहि विचारीत जावें. सांगण्यासारखा एकादा चांगला प्रश्न रोज निघत असेल, तर काम चालूं द्यावें. महिनोन्‌महिने एकहि प्रश्न निघत नसेल, तर वर्ष संपतांच तें नम्रपणें सोडून द्यावें आणि सारा वेळ वकिलीस द्यावा. त्यांतहि कमीपणा नाहीं.